निकाल विरोधात गेला, आता कार्यकर्त्याने काय करायचं?

हे उमेदवारांसाठी नाहीये, त्यांची समजूत काढायला बरेच लोक असतात. हे आहे स्लिपा वाटणाऱ्यांसाठी, बूथपासून लांब टेबल टाकून सकाळी सातपासून यादी घेऊन बसलेल्यांसाठी, चौथ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून खाली आणणाऱ्यांसाठी आणि मग निकालाच्या दिवशी सहाव्या सातव्या फेरीनंतर ज्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला त्यांच्यासाठी. पक्ष कुठला ते मी विचारत नाही, अपक्षाचं काम केलं असेल तरी हेच लागू आहे आणि निवडणूक नसून दारूबंदीचं मतदान असेल, टेकडी वाचवायची मोहीम असेल, कोर्टातली केस असेल तरीही बऱ्यापैकी हेच.

पहिला आठवडा

पहिले दोन तीन दिवस काहीही ठरवू नका. ग्रुप सोडू नका, फक्त म्यूट करा, कारण रागात ग्रुप सोडलेला माणूस परत यायला लाजतो आणि त्याला परत घ्यायला अ‍ॅडमिनला पण ऑकवर्ड होतं, असे चांगले लोक कायमचे गेलेले पाहिलेत मी. टीव्हीवरच्या चर्चा बघू नका, त्यात तुमच्या वॉर्डातलं काहीही नसतं. झोप काढा. घरच्यांनी दोन महिने सहन केलंय, त्यांना वेळ द्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या का" असा टोमणा येणार आहे तो ऐकून घ्या, तो टोमणा मारणाऱ्या माणसानेच तुमच्या वाटणीचं दूध आणलंय आणि पोरांना शाळेत सोडलंय.

पण हातात काहीतरी काम पाहिजे, नाहीतर डोकं तिथेच फिरत राहतं. सुदैवाने हरल्यावर आवराआवरीचं काम भरपूर असतं आणि ते करायला कोणीच पुढे येत नाही. फ्लेक्स उतरवा, मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून परत द्या, कोणाकडून उसने आणलेले स्पीकर, चहाचे थर्मास, प्रिंटर जागेवर पोचवा. उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करावा लागतो, नाही केला तर पुढे अपात्र ठरवता येतं, आणि हरलेला उमेदवार नेमका याच काळात फोन उचलत नसतो, तेव्हा बिलं गोळा करायला एकाने तरी बसावं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की त्यात रडायला वेळ मिळत नाही, म्हणून मी मुद्दाम सुचवतो.

आणि फोन करा. मेसेज नको, फोन. ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून काम केलं, विशेषतः पहिल्यांदाच केलं, त्या कॉलेजच्या पोरापोरींना आणि शेजारच्या काकूंना एकेक फोन करून "तुम्ही आलात म्हणून ती गल्ली झाली" एवढं म्हणा. जिंकल्यावर पेढे वाटायला सगळे असतात, हरल्यावर आलेला फोन माणूस विसरत नाही.

"कोणी गद्दारी केली" ही मीटिंग घेऊ नका

दुसऱ्या आठवड्यात एक मीटिंग होते, सगळीकडे होते, जिच्यात चहा येईपर्यंत तीन जणांवर संशय घेऊन झालेला असतो. पैसा वाटला, मशीन, जात, त्या अमक्याने ऐनवेळी पाठ फिरवली. यातलं काही खरं असूही शकतं. खरं असेल आणि हातात पुरावा असेल तर वकिलाकडे जा आणि लगेच जा, कारण विधानसभा लोकसभेच्या निकालाविरुद्धची याचिका निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात दाखल करावी लागते, ती तारीख गेली की विषय संपला. पुरावा नसेल तर तो विषय मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा काढून फक्त लोक कमी होतात.

त्याऐवजी आकडे घेऊन बसा. विधानसभा लोकसभेची बूथनिहाय मतं फॉर्म 20 मध्ये असतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर ती टाकली जातात. महापालिका, नगरपालिकेची निवडणूक असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात मागायची. प्रिंट काढा, मोठ्या अक्षरात काढा, आणि प्रत्येक बूथसमोर पेनाने लिहा की तिथे आपल्यातलं कोण गेलं होतं आणि किती वेळा. मग दिसायला लागतं. जिथे तीन वेळा दारावर गेलात तिथे मतं बऱ्यापैकी आलेली असतात, जिथे "तो भाग आपलाच आहे" म्हणून कोणी फिरकलंच नाही तिथे सपाट. हे प्रत्येक वेळी होईलच असं नाही, कधीकधी सगळीकडे सारखंच पडलेलं असतं, पण तरी निदान "लोकांनी आपल्याला नाकारलं" हे जे भलंमोठं धुकं डोक्यात असतं त्याचे सुटे सुटे बूथ होतात. आणि एखाद्या बूथवर काहीतरी करता येतं. अख्ख्या मतदारसंघावर कोणाला काय करता येणार?

पुढचं काम कुठलं घ्यायचं

आता माझं मुख्य म्हणणं. उमेद आधी येईल आणि मग काम सुरू करू असं जे लोक म्हणतात ते सहसा परत येत नाहीत. आणि जे परत येतात त्यांना पण काम निवडताना एक गोष्ट बघायला पाहिजे, की या कामाचा निकाल निवडणुकीच्या निकालावर लटकलेला नको. त्याची स्वतःची तारीख पाहिजे, स्वतःचा आकडा पाहिजे, आणि कोणीही निवडून आलं तरी ते पुढे सरकलं पाहिजे. अशी कामं आहेत आणि बरीच आहेत.

सगळ्यात भारी, आणि सगळ्यात दुर्लक्षित, मतदार यादी. मतदानाच्या दिवशी दुपारी अकरा वाजता सगळ्या बूथवर एकच आरडाओरडा असतो, नावच नाही, नवऱ्याचं आहे माझं नाही, मेलेल्या सासऱ्यांचं आहे आणि आमचं गायब. त्या दिवशी काहीही करता येत नाही. त्यात महापालिकेच्या निवडणुकीला लोक वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडतात तेव्हा तिथला माणूस सांगतो की आमच्याकडे नाव घालायची सोय नाही, आणि तो खोटं बोलत नसतो, कारण स्थानिक निवडणुकांना विधानसभेचीच यादी ठराविक तारखेला घेऊन प्रभागाप्रमाणे फोडतात. विधानसभेच्या यादीत नाव नाही म्हणजे कुठेच नाही. मग ते काम कधी करायचं? आत्ता. निवडणूक नसताना.

करायचं कसं ते सांगतो. आपल्या भागाची यादी डाउनलोड करा, एक यादी भाग म्हणजे साधारण हजार बाराशे नावं. सगळा प्रभाग घेऊ नका, दोघांनी मिळून एक भाग, बस. रविवारी सकाळी दहा ते बारा, सोसायटीत असाल तर वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधी सांगून, चाळीत किंवा वस्तीत असाल तर तिथल्याच एका बाईला बरोबर घेऊन. प्रत्येक दारात तीनच प्रश्न, यादीतली ही माणसं इथे राहतात का, अठरा पूर्ण झालेलं कोणी राहिलंय का, कोणी वारलंय किंवा गाव सोडून गेलंय का. नवीन नावाला फॉर्म 6, वारलेल्या किंवा निघून गेलेल्यांसाठी फॉर्म 7, पत्ता बदल आणि चूक दुरुस्तीला फॉर्म 8. 2022 पासून वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झालेत का ते ज्या दिवसापर्यंत बघतात त्या तारखा, आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, त्यामुळे वाढदिवस जानेवारीनंतर आला म्हणून पोरांना वर्षभर थांबायची गरज नाही, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच करून ठेवता येतो. बीएलओ, म्हणजे आपल्या बूथच्या यादीचं काम ज्यांच्याकडे असतं त्या, कोण आहेत ते शोधून त्यांचा नंबर सेव्ह करा, बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका किंवा शाळेतल्या बाई असतात, त्यांच्यावर आधीच दहा कामं असतात, तेव्हा त्यांच्याशी भांडायला नाही तर भरलेले फॉर्म नीट लावून द्यायला जा.

एक ताकीद. फॉर्म 7 हे समोरच्या पक्षाची नावं उडवायचं हत्यार नाहीये. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 31 खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि कायद्याचं सोडा, ज्या बाईचं नाव तुमच्यामुळे गेलं ती तुमच्याच गल्लीत राहते.

यादी इतकी का महत्त्वाची ते बघायचं असेल तर आडवी बाटलीचं मतदान बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला आपल्याकडे बायकांच्या मतदानाची सोय आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आता गंमत अशी की मोजणी आलेल्या मतांच्या निम्म्यावर होत नाही, यादीत नोंदलेल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे समजा यादीत 1200 बायका आहेत. त्यातल्या 590 आल्या, 560 जणींनी आडवी केली, 30 जणींनी उभी. दुकान चालूच! जी घरी बसली तिने उभ्या बाटलीला मत दिल्यासारखंच झालं. आणि त्या 1200 मध्ये लग्न होऊन गेलेल्या पोरी असतात, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या असतात, चार वर्षांपूर्वी वारलेल्या असतात. या नावांमुळे आकडा फुगतो आणि ज्या बाया मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिल्या त्या हरतात.

असं मतदान हरलेल्या गावात काय वातावरण असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, संध्याकाळी दुकानासमोर फटाके वाजतात आणि ज्या बाई पुढे होत्या त्यांच्या दारावरून मुद्दाम गाड्या फिरतात. तिथे जाऊन "आशावादी राहा ताई" म्हणणं म्हणजे चेष्टाच. पण "ताई, 560 जणींनी आडवी केली होती, 41 कमी पडल्या, यादीतली जुनी नावं किती आहेत ते बसून काढूया का", हे म्हणता येतं. त्याला उत्तर देता येतं, हो किंवा नाही.

यादीचं काम जमत नसेल, सगळ्यांना दारोदार फिरणं जमत नाही, तर अजून आहेत. शाळा व्यवस्थापन समिती घ्या, शिक्षण हक्क कायद्यात त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत असं आहे, बऱ्याच शाळांत ती कागदावरच असते, तुमचं पोर त्या शाळेत असेल तर शिरा तिच्यात. पुण्यात असाल तर महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवतात, फूटपाथ, दिवे, बाक असली छोटी कामं, तो फॉर्म भरा आणि पुढच्या वर्षी बजेटच्या पुस्तकात ते काम आलंय का ते शोधा. गावात असाल तर ग्रामसभेला जा आणि इतिवृत्तात आपला विषय लिहून घेतला का ते वाचून बघा, न वाचता सही करू नका. माहिती अधिकार आहेच, 10 रुपये, 30 दिवस, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे म्हणून निबंध लिहू नका. मुंबई पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तरी नाले तुंबायचे थांबले नव्हते ना, पाठपुरावा करणारे लोक तेव्हाही लागतच होते.

माणसं टिकवायची कशी

सगळ्यात अवघड हेच आहे, कागदपत्रं सोपी. प्रचारात शंभर जण असतात, हरल्यावर महिन्याभरात आठ उरतात. ते ठीक आहे, आठ पुरतात. जे गेले त्यांना टोमणे मारू नका, त्यातले निम्मे पुढच्या वेळी येणार असतात, फक्त मधल्या काळात त्यांना कोणी "पळपुटे" म्हटलेलं नसावं.

मीटिंगचा वार आणि वेळ कायमची ठरवा, महिन्याचा दुसरा शनिवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा असं, आणि साडेसहाला उठायचंच. "जसं जमेल तसं भेटू" म्हणजे कधीच भेटायचं नाही. आठ वाजताची मीटिंग ठेवली की बायका येत नाहीत कारण तेव्हा कुकर लावायचा असतो, मग तुम्हीच म्हणता आमच्याकडे महिला कार्यकर्त्या नाहीत! पोरं बरोबर आणायला सांगा, एका कोपऱ्यात बसतील. प्रत्येकाकडे एकच काम, नावासकट वहीत लिहिलेलं, पुढच्या मीटिंगला ते झालं का एवढंच विचारायचं, नाही झालं तर का नाही झालं याचं कीर्तन नको, दुसऱ्याला द्यायचं. पैसे कोणाच्या खिशातून जातायत ते बघा, कारण झेरॉक्सचे नि रिक्षाचे पैसे नेहमी एकच माणूस देत असतो आणि तो बोलत नाही, आणि एक दिवस तो यायचा बंद होतो.

झालेलं काम मोठ्याने सांगा. एक दिवा लागला, एका आजींचं नाव परत यादीत आलं, फोटो टाका ग्रुपवर. हे बालिश वाटतं पण लागतं.

आणि कोणी खरंच खचलं असेल, झोप नाही, जेवण नाही, महिना झाला तरी तेच, तर त्याला कामाला लावून बरं करायच्या भानगडीत पडू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो द्या, पहिला फोन लावताना शेजारी बसा. कार्यकर्त्यांमध्ये याबद्दल बोलायची पद्धत नाही, ती पाडायला पाहिजे.

किती दिवस चालायचं हे?

याचं खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी घ्या, 1995 साली विधान परिषदेत असा कायदा करावा म्हणून ठराव झाला आणि कायदा आला 2013 मध्ये. अठरा वर्षं. मध्ये किती अधिवेशनं गेली, किती सरकारं आली गेली, दर वेळी या अधिवेशनात होणार म्हणायचे आणि व्हायचं नाही. शेवटी 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ही काही गोड गोष्ट नाही, मी ती तशी सांगत पण नाहीये. मला त्यातलं वेगळंच घ्यायचंय. त्या अठरा वर्षांत अंनिसची, म्हणजे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं कायद्याची वाट बघत बसली नव्हती. बुवाबाजीचा भांडाफोड चालू होता, शाळाशाळांत शिक्षकांची शिबिरं चालू होती, गणपतीत नदीकाठी उभं राहून मूर्ती आणि निर्माल्य दान घेणं चालू होतं. विधेयक अडकलं म्हणून शिबिर रद्द झालं असं होत नव्हतं. आणि खुनानंतर दर महिन्याच्या 20 तारखेला, जिथे खून झाला त्याच पुलावर सकाळी लोक जमत राहिले, खटल्याचा निकाल लागला मे 2024 मध्ये, त्यात दोघांना जन्मठेप आणि तिघं सुटले. म्हणजे तो निकालही पूर्ण हवा तसा नाही.

पूर्ण हवं तसं फार क्वचित मिळतं. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून 2015 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली, एका बैठकीत. मुंबईतल्या आरेचं बघा, तिथली झाडं तोडून मेट्रोची कारशेड करायला विरोध होता, 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने त्याच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. नंतर सरकार बदललं, कारशेड कांजूरला न्यायचं ठरलं, परत सरकार बदललं, कारशेड परत आरेत. मेट्रो तिथून चालू पण झाली. पण त्याच भांडणामुळे 2020 मध्ये आरेतली 800 एकर जागा राखीव वन करायचं जाहीर झालं. आता याला हरणं म्हणायचं की जिंकणं? मला विचाराल तर कारशेडची लढाई हरली, आणि तरी जी पोरं झाडतोड अडवायला रात्री तिथे गेली त्यांची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. तुम्ही वेगळं म्हणू शकता. पण मोहिमेला उतरतानाच एवढं डोक्यात असलं की मग निकालाच्या दिवशी इतकं कोसळायला होत नाही.

निवडून आलेल्याकडे जायचं का?

जायचं. यावरून आपल्यात भांडणं होतात, "त्याच्या दारात जाऊ काय आता", पण तो आता तुमच्या वॉर्डाचा पण नगरसेवक आहे आणि पाइपलाइन पक्ष बघून फुटत नाही. महिना जाऊ द्या, सत्कार संपू द्या. मग तिघं चौघं जा, त्यात एक तरी असा असावा जो प्रचारात कुठेच नव्हता, निवृत्त शिक्षक वगैरे. अभिनंदन करा, मनापासून नसलं तरी चालतं. एकच विषय न्या, छोटा, त्याला दोन महिन्यांत करता येईल असा, आणि केल्यावर फोटो काढायला मिळेल असा! तोंडी नाही, लेखी पत्र, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही शिक्का घ्यायचा. त्याने काम केलं तर जाहीर आभार माना, तुमच्यातले दोघं रुसतील, रुसू द्या. नाही केलं तर तेच पत्र वॉर्ड ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि पोच घ्या, आवक नंबर टाकल्याशिवाय काउंटर सोडू नका, जेवणाची सुट्टी झाली म्हणाले तर तिथेच बाकावर बसा. अगदीच पोच देईना तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच फाईलला टाचून ठेवा, महिन्याभराने त्या पत्राचं काय झालं हा तुमचा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज.